अत्तराचा बदाम

त्या दुकानातला माल दोन गोष्टींवर खपायचा. एक धाकट्याची जीभ आणि दुसरं आक्काचं नाक. जीभ पुढे काउंटरमागे असायची, नाक मागे भट्टीच्या खोलीत. गरज पडली की जीभ नाकाला हाक मारायची आणि आक्का ॲप्रनला हात पुसत बाहेर यायची.

धाकटा म्हणजे आक्काचा पाठचा भाऊ. डोक्याला टक्कल पडलं, पोट पट्ट्याबाहेर आलं, मुलगी नोकरीच्या वयाची झाली, तरी घरात तो धाकटाच राहिला. दुकानाच्या पाटीवर मात्र तो एकटाच. बापाने ती पाटी रंगवून घेतली तेव्हा धाकटा शाळेत नापास होण्यात मग्न होता आणि आक्का भट्टीवर बसून सगळ्या घराचं पोट भरत होती. पण पाटीवर मुलीचं नाव कोण लिहितो? रंग कमी पडला असेल, दुसरं काय!

दुकान जुन्या दागिन्यांचं, आणि त्यातही अत्तराच्या दागिन्यांचं. पूर्वी हौशी लोक दागिना नुसता घालत नसत, तो दरवळायलाही हवा असे. मग अंगठी, पदक, कानातलं असं काहीही पोकळ घडवायचं आणि पाठीला बारीक जाळी ठेवायची. आत गंधगोळी बसवायची. चंदनाची पूड, डिंक आणि कसकसली अत्तरं एकत्र मळून केलेली ती गोळी अंगाच्या उबेने जरा जरा सुटायची, आणि बाई पुढे निघून गेली तरी तिचा वास मागे थोडा वेळ थांबायचा. दागिन्याच्या दर्शनी बाजूला मिन्याचं काम. म्हणजे सोन्यात बारीक खाचा कोरायच्या, त्यात रंगीत काचेची ओली पूड सुईच्या टोकाने भरायची आणि भट्टीत घालून ती वितळवायची. सांगायला सोपं आहे. करायला बसलं की मान मोडते, डोळे जातात, आणि सोनं उजळायच्या तेजाबाच्या वाफेने आणखी काय काय जातं ते पुढे येईलच.

हे मिन्याचं काम आक्काचं. जुना माल यायचा तो टवके उडालेला, पानं निखळलेली, जाळी बुजलेली. आक्का तो मागे न्यायची आणि असा करून आणायची की कुठे काय तुटलं होतं ते विकणाऱ्यालाही सापडू नये. गिऱ्हाईक म्हणायचं, "वा, काय हात आहे!" धाकटा मान लववून म्हणायचा, "आमचं घराणंच आहे हो ते." घराणं मागे बसून काच खलत असायचं.

लग्नाचं म्हणाल तर एक स्थळ आलं होतं. घड्याळं दुरुस्त करणारा होता, बरा होता, हसरा होता. बापाने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. म्हणाला, "हिचा हात भट्टीत बसलाय. हिला उचलली तर दुकान बसेल." आक्का दारामागे उभी होती. तिला वाटलं आई काही बोलेल. आई बोलली नाही. संध्याकाळी मात्र तिने आक्काला जवळ ओढलं, आपल्या गळ्यातला बदाम काढून तिच्या नाकाशी धरला आणि म्हणाली, "हा तुझा हो. माझ्यामागे हा तुझाच." एका नवऱ्याच्या बदल्यात एक बदाम. पण आक्काला त्या वेळी तेवढ्यानेही बरं वाटलं, हे खरं.

तो बदाम म्हणजे खायचा नव्हे, बदामाच्या आकाराचं सोन्याचं पोकळ पदक. त्यावर हिरव्या पानांची नक्षी, पांढरी जमीन आणि मधोमध एक तांबडा ठिपका. आईला तो तिच्या आईकडून आला होता. त्यातली गोळी आईने स्वतः मळलेली. दुकानासाठी गोळ्या तीच मळायची, पण आपल्या बदामातलं मिश्रण तिने कधी दुसऱ्या दागिन्यात घातलं नाही. वर्षानुवर्षं ती जाळीतून अत्तराचा एखादा थेंब सोडत राहिली. त्या गोळीला नुसतं अत्तर थोडंच चिकटलं होतं? आईच्या मानेचा घाम, चुलीचा धूर, कपड्यांच्या पेटीतला वास, सगळं त्यात मुरलं होतं. पुढे पुढे डिंक पाझरून गोळी ठेवायच्या मागच्या झाकणाचे आटे असे बसले की झाकण उघडेना. एकदा आईचा बदाम नळावर आपटला आणि खालच्या पानाचा टवका उडाला. आक्का म्हणाली, "दे, भरून देते." आई म्हणाली, "पोट रिकामं केल्याशिवाय आगीत कसा घालशील?"

हा त्या खोलीचा पहिला नियम होता. आधी पोट रिकामं, मग आग. आत गंध असलेला दागिना भट्टीत गेला की गंधाची राख होते. काच परत भरता येते, सोनं परत वळतं, जळलेला वास काही परत येत नाही. या बदामाचं पोट रिकामं होत नव्हतं, म्हणून टवका तसाच राहिला. आक्काने हे धाकट्याला किती वेळा सांगितलं असेल! "याला आग दाखवायची नाही बरं का." तो "हो हो" म्हणायचा. मागच्या खोलीतल्या गोष्टी त्याच्या एका कानाने शिरायच्या आणि दुसऱ्या कानाने सुटायच्या.

आई गेली तेव्हा आक्का तापाने फणफणून पडली होती. उठली तोवर बदाम दुकानाच्या काचेच्या कपाटात लटकत होता. खाली चिठ्ठी: विक्रीसाठी नाही.

"आई मला म्हणाली होती," आक्का म्हणाली.

"तुझाच आहे गं," धाकटा म्हणाला. "इथे असला काय नि तिथे असला काय. कपाटात असला की दुकानाला शोभा येते. गिऱ्हाईकाला कळतं की आपण या धंद्यात कालपरवाचे नाही."

तुझाच आहे, पण माझ्याकडे असू दे. आक्काच्या घरात सगळ्याच वस्तूंची वाटणी अशी झाली होती.

तरी महिन्या दोन महिन्यांनी कपाट पुसायचा दिवस यायचा. त्या दिवशी आक्का बदाम उतरवायची, मऊ चामड्याने पुसायची, पाठ फिरवून नाकाशी धरायची आणि जागच्या जागी विरघळायची. कपाटाच्या एका फळीसमोर उभी राहून तिची आई तिला भेटून जायची. धाकट्याची मुलगी टिकली तेव्हा लहान होती. जन्मली तेव्हा मिन्याच्या ठिपक्याएवढी होती म्हणून टिकली, आणि आता ताडमाड वाढली तरी टिकलीच. ती आत्याच्या मागे मागे असायची. आत्या तिच्या नाकाशी बदाम धरायची, "बघ, आजी." टिकली डोळे मिटून म्हणायची, "आजी गोड आहे."

आता दुकानातली गोष्ट. जुन्या अत्तराच्या दागिन्याची खरी किंमत त्यातला वास शिल्लक आहे की नाही त्यावर ठरते. गिऱ्हाईकाला काय कळतंय? म्हणून आक्काला हाक. आक्का यायची, दागिना दोन बोटांत धरायची, करंगळी वर उचललेली, डोळे मिटलेले. मग ती थांबायची. गिऱ्हाईकाचाही श्वास थांबला की हळूच म्हणायची, "आहे. अजून आहे. खोल आहे, पण आहे." नसला तर सरळ म्हणायची, "गेलाय हो." ती सरळ "गेलाय" म्हणते म्हणून तर तिच्या "आहे"ला मोल होतं. दूरदूरचे लोक यायचे आणि विचारायचे, त्या नाकवाल्या बाई आहेत का?

आणि मग नाक गेलं.

मोठा आजार नाही, काही नाही. एका थंडीत पडसं झालं, ते बरं झालं, पण जाताना नाक घेऊन गेलं. आधीची सगळी वर्षं तेजाबाच्या वाफा पोखरतच होत्या, सर्दीने फक्त शेवटचा धक्का दिला. आक्काला कळलं ते असं: चुलीवर दूध करपत होतं आणि ती शेजारीच उभी राहून निवांत कप विसळत होती. भावजय आतून धावत आली, "अहो आक्का, घरभर वास सुटलाय, तुम्ही इथेच उभ्या आहात ना?" आक्का म्हणाली, "विचारात होते." त्या दुपारी तिने मागच्या खोलीत कोंडून घेतलं आणि अत्तराच्या बाटल्या एकामागून एक उघडून नाकात खुपसल्या. सगळं पाणी. तेजाबाची बाटलीही उघडली. डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही आला.

संध्याकाळी ती गुपचूप डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाला, "कधी कधी येतो परत. कधी नाही येत. सांगता येत नाही." आक्काने यातलं पहिलं वाक्य घरी आणलं आणि बाकीची दोन डॉक्टरच्या टेबलावर ठेवून आली.

सांगितलं का नाही कोणाला? अहो, कसं सांगणार? ज्या घरात हात आहे म्हणून ठेवून घेतलं, नाक आहे म्हणून पुढे बोलावलं, तिथे एक गेलं म्हणून सांगायचं आणि दुसरं कधी जाणार याची वाट बघत बसायचं? दुसऱ्याच दिवशी धाकट्याची हाक आली. आक्का बाहेर आली. समोर एक म्हातारं जोडपं, त्यांच्या हातात एक पदक. आक्काने ते नाकाशी धरलं. काही नाही. भिंत हुंगावी तसं. बाई तिच्याकडे जीव मुठीत धरून बघत होती. धाकटा खाकरला. त्याला अशी खोकायची सवय होती, सौद्याची वेळ आली की घसा साफ करायचा. आक्काला वाटायचं, याचा लोभ घशात अडकतो. त्या खोकण्यावरून तिने ओळखलं की मालात दम आहे. डोळे मिटून ती म्हणाली, "आहे. अजून आहे. खोल आहे, पण आहे."

बाई रडायलाच लागली. "माझ्या आईचं आहे हो," म्हणाली.

त्या दिवसापासून आक्का खोटं बोलत राहिली. धाकटा खोकला की आहे, गप्प बसला की गेलाय. तिला वाटायचं, आपण किती हुशार, भावाच्या घशावरून माल ओळखतो. रात्री मात्र ती बाई आठवायची. आक्काला स्वतःचीच शिसारी यायची आणि सकाळी ती परत बाहेर येऊन करंगळी वर करायची.

आईच्या बदामापाशी मात्र तिने खोटं बोलायला नको होतं. कपाट पुसायचा दिवस आला की ती तो तसाच नाकाशी धरायची. काही यायचं नाही. मग ती स्वतःला समजवायची: वास आहे, नाक नाही. आई आत आहे, दार माझं बंद आहे. एखाद्या सकाळी नाक उघडेल, आणि तेव्हा हा बदाम माझ्या गळ्यात हवा, कपाटात नको. बाकी तिला या जगाकडून काही नको होतं. घड्याळवाला गेला, पाटी गेली, कंबर गेली, सगळ्यावर तिने पाणी सोडलं होतं. बदामावर नव्हतं सोडलं. आणि कोणी बघत असलं की म्हणायची, "येतो गं बाई वास. आईचाच."

मग धाकट्याच्या डोक्यात शोरूम आलं. आता सगळा जमाना काचेचा. मागची भट्टीची खोली पाडायची, पुढचं दुकान तिथवर वाढवायचं, पांढरे दिवे, आरसे, आणि मधोमध टिकली खुर्चीवर. दुरुस्तीचं काम आता बाहेर देता येत होतं. शहरात एकाने विजेची मोठी भट्टी घातली होती, बटण दाबलं की तापते. अडचण एकच होती. बापाने जाताना एक बरं काम केलं होतं, मागची खोली आक्काच्या नावावर करून ठेवली होती. पाटीच्या वेळी झालेली चूक त्याला शेवटी टोचली असेल. आक्काच्या सहीशिवाय वीटही हलत नव्हती.

धाकट्याने सगळे प्रकार केले. गोड बोलला, रुसला, भावजयीला पाठवलं. "वरची खोली तुझीच आहे की, आयुष्यभर राहा. भट्टीपुढे किती दिवस भाजून घेणार?" आक्का ढिम्म. भट्टी गेली की आपण या घरात कोण, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग टिकली आली. काही मागायला नाही आली, नुसती येऊन आत्याशेजारी बसली आणि खल हातात घेऊन काच खलू लागली, लहानपणी खलायची तशी. म्हणाली, "आत्या, तुला नको असेल तर नको. मी बाबांना सांगते."

त्यावर आक्का विरघळली. दुसऱ्या दिवशी पुढे जाऊन म्हणाली, "सही करते. मला आईचा बदाम दे."

धाकट्याने तिच्याकडे बघितलं. "बस? एवढंच?"

हे "एवढंच" आक्काच्या जिव्हारी लागलं. तरी तिने सही केली. चार दिवस थांब म्हणाला धाकटा, छानशा डबीत घालून देतो. चार दिवसांत भट्टीच्या विटा निघाल्या, अंगणात रचल्या गेल्या. आक्काने त्या विटांकडे बघितलंसुद्धा नाही. तिचं सगळं लक्ष डबीकडे होतं.

शेवटी एका संध्याकाळी धाकट्याने तिला पुढे बोलावलं. भावजय होती, टिकली होती, दोन ओळखीची गिऱ्हाइकंही होती, म्हणजे कौतुकाला माणसं पुरेशी होती. त्याने स्वतःच्या हाताने साखळी तिच्या गळ्यात घातली. आक्काचे डोळे असे भरून आले की समोरचं सगळं धूसर झालं. इतक्या वर्षांनी तो तिच्या छातीवर लटकत होता. हातांना जी सवय ती सवय: दोन बोटांत धरला, करंगळी वर, डोळे मिटले, नाकाशी नेला.

"काय आक्का, आहे का अजून आई?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"आहे," आक्का म्हणाली. "अजून आहे. खोल आहे, पण आहे."

सगळ्यांनी "वा" म्हटलं. टिकली वाकून आत्याच्या गळ्याशी आली, तिनेही हुंगलं आणि सरळ उभी राहिली. काही म्हणाली नाही. आत्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आक्काला वाटलं, पोरगी भरून आली असेल.

सकाळी खिडकीतून ऊन आलं. आक्का पलंगावर बसली, चष्मा लावला आणि बदाम तळहातावर घेतला. इतकी वर्षं तो तिने दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली बघितला होता. उन्हात आज कितीतरी वर्षांनी.

खालच्या पानाचा टवका नव्हता.

तिने डोळे चोळले. पान पूर्ण होतं. हिरवा रंग नवा, पातळ, सोडा वॉटरच्या बाटलीचा असतो तसा. बाकीच्या पानांचा हिरवा जुना आणि खोल होता, पण त्यांच्यावरही आता एक वेगळीच चकाकी आली होती. आईच्या गळ्यात घासून घासून त्या काचेवर बारीक ओरखडे पडले होते. आक्काला ते एकूण एक पाठ होते. त्यातला एकही राहिला नव्हता. आगीत गेल्यावर काच वरून वितळते आणि जुने ओरखडे मिटून गुळगुळीत होते. आयुष्यभर आक्काने हेच तर केलं होतं, लोकांचे ओरखडे मिटवायचे.

तिने झाकणाला नख लावलं. जे झाकण आईच्या हाताने उघडलं नाही, तिच्या स्वतःच्या हाताने उघडलं नाही, ते पहिल्याच वळशाला फिरलं. बदाम पालथा केला. तळहातावर चिमूटभर काळी भुकटी पडली. तिने ती नाकाशी नेली. मेल्या सवयीने नेली! वास नव्हता. असता तरी तिला कळला नसता, आणि आता तर नव्हताच.

आक्का तशीच खाली गेली. धाकटा दुकान उघडून दिवे लावत होता.

"बदाम भट्टीत घातलास?"

"हां, दिसलं का?" तो खूश झाला. "त्या विजेच्या भट्टीवाल्याकडून करून घेतला. म्हटलं, आक्काला द्यायचा तर तुटका कशाला द्यायचा? जमलंय ना पान?"

"आत गोळी होती."

"कसली गोळी?"

"आईची. पोट रिकामं केल्याशिवाय आग दाखवायची नाही. किती वेळा सांगितलं होतं तुला? जन्मभर सांगत आले!"

धाकट्याचा चेहरा पडला. वाईट वाटलं त्याला, नाही असं नाही. तो काउंटरवर टेकला, टकलावरून हात फिरवला. "अगं... डोक्यातच नाही आलं गं. चांगल्यासाठीच केलं मी." तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण आक्का हलेना, हात पुढे करून उभीच, तळहातावर काळं. आणि माणसाला ओशाळं उभं राहणं फार वेळ झेपत नाही. तो चिडला.

"आणि खरं सांगू का आक्का? तुला काय फरक पडतो? तुला वास येतो कुठे?"

आक्काने मूठ मिटली.

"कोण म्हणालं?" आक्का म्हणाली.

"कोणी म्हणायला कशाला हवं? दूध करपलं त्याच दिवशी कळलं मला. दुसऱ्या दिवशी ते म्हातारा-म्हातारी आले तेव्हा तू पदक हुंगलंस नि तुझं तोंड बघितलं मी. मी खोकत होतो ते काय घसा धरला होता म्हणून? तुला हाक मारायच्या आधी मी स्वतः हुंगून बघायचो. चांगला असला की खोकायचो."

आक्काला बसायला काही सापडेना. ती गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवर ती उभ्या जन्मात बसली नव्हती.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू परत पुढे आली असतीस?" धाकटा आता जरा नरमला होता, आणि म्हणूनच खरं बोलत होता. "गिऱ्हाइकाला तुझा शब्द हवा होता आक्का. नाक असलं काय, नसलं काय. आणि काल तर तू सगळ्यांसमोर म्हणालीस की आहे. मी म्हटलं, चला, बाई खूश आहे."

शिवी द्यायची तर कोणाला द्यायची? तो खोटा, तर ती कुठली खरी? सगळ्या गावाला फसवताना दोघं भावंडं एकमेकांनाही फसवत राहिली, आणि त्यात शेवटी जळली कोण, तर मेलेली आई. एकदा, फक्त एकदा आक्का म्हणाली असती की मला वास येत नाही रे, तर बदाम भट्टीवाल्याकडे जाताना टिकलीने तरी हुंगून बघितला असता, कोणीतरी ओरडलं असतं. पण ती म्हणाली होती: आहे.

ती उठून मागे गेली. भट्टीची खोली म्हणजे आता नुसत्या भिंती उरल्या होत्या. भट्टी होती तिथे जमिनीवर काळा चौकोन राहिला होता. कोपऱ्यात तिचा खल तेवढा कोणी उचलला नव्हता. नळ अजून चालू होता. आक्काने हात धुतला. काळं पाणी मोरीत गेलं. धुवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय धुवून टाकलं, आणि ती मोरीच्या कठड्यावर बसून मोठ्याने रडली. तिथे ऐकायला भिंतीच होत्या. भावाने आईला जाळलं आणि मी धुतलं, ती म्हणाली, आणि आपल्याच बोलण्याचा तिला राग आला.

टिकली आली ती थोड्या वेळाने. तिने पुढे सगळं ऐकलं होतं की नाही कोण जाणे. शेजारी येऊन बसली, पण खलाला हात लावला नाही. आत्याचे डोळे तिने बघितले आणि नजर वळवली.

आक्काने गळ्यातला बदाम काढला. पोट मोकळं, झाकण लावलेलं. तो तिने टिकलीच्या हातात दिला.

"हुंग," ती म्हणाली. "काल काही बोलली नाहीस. आज सांग. काय येतं?"

आक्काच्या मनात काय होतं, तर पोरीने एकदा सरळ सांगावं. या घरातल्या एका तरी माणसाने तोंड उघडून म्हणावं की गेलाय. मग दोघी मिळून रडल्या असत्या, आणि ते रडणं तरी खरं असतं.

टिकलीने बदाम दोन बोटांत धरला. करंगळी वर उचलली. डोळे मिटले. थोडं थांबली, अगदी समोरच्याचा श्वास अडकेल इतकंच.

"आहे, आत्या," ती हळूच म्हणाली. "अजून आहे. खोल आहे, पण आहे."

आक्का तिच्याकडे बघत राहिली. तीच करंगळी, तेच थांबणं, आवाजाचा तोच उतार. लहानपणापासून ॲप्रनला धरून मागे उभी असायची पोर, सगळं उचललं होतं तिने. आणि केलं होतं ते मायेनेच. ते स्पष्ट दिसत होतं, मिटलेल्या पापण्यांखालून पाणी येत होतं. त्या म्हाताऱ्या बाईसमोर आक्कालासुद्धा मायाच तर आली होती.

तिने बदाम टिकलीच्या हातातून काढून तिच्याच गळ्यात घातला आणि साखळीची कडी लावली.

"शोरूममध्ये बस तू उद्यापासून," आक्का म्हणाली. "आणि बापाला सांग, खोकायची गरज नाही म्हणावं. तुला चांगलं जमतं."

मग तिने कोपऱ्यातला खल उचलला, बाहेर अंगणात नेला आणि विटांच्या ढिगावर ठेवून दिला.